केरसुणी दारामागून भिंतीवर कशी आली



आमच्या ड्राय बाल्कनीत कपडे धुण्याचं कपाट आहे. त्यात वॉशिंग मशीन, साबणाचे डबे, चिमटे आणि मळक्या कपड्यांची टोपली असते. त्या कपाटाच्या भिंतीवर साडेपाच फुटांवर दोन रिकामी भोकं आहेत. त्यांच्या बरोब्बर दोन फूट खाली आमच्या नव्या कॉर्डलेस व्हॅक्यूम क्लीनरचा चार्जिंग डॉक बसवलेला आहे. म्हणजे तो आधी वर बसला होता, मग खाली आला. वरची भोकं बुजवायला हे चार वेळा पुट्टी घेऊन आले, पण मीच म्हटलं, "राहू द्या."

का राहू द्या म्हटलं, ते शेवटी सांगते. त्याआधी थोडा इतिहास सांगते. डॉक बसवताना माझ्या मनात सारखा एकच प्रश्न येत होता: केर काढायच्या साधनाची घरात जागा कोणती? माझ्या आजीची केरसुणी दारामागे होती, आणि माझी आता विजेच्या तारेला जोडून भिंतीवर लटकते आहे. हा प्रवास झाला कसा, हे मी या महिन्यात वाचून काढलं. वाचताना कळलं की यंत्राची जागा जशी बदलली, तशी ते हातात घेणारी माणसंही बदलली.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. माझं बालपण सांगलीकडच्या एका खेड्यात गेलं. आमच्या घरी सोप्याला शहाबादी फरशी होती आणि आत स्वयंपाकघरात शेणाने सारवलेली जमीन. केरसुणी शिंदीच्या पात्यांची. ती दारामागे आडवी ठेवायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांवर यायला नको. पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा. दिवाळीला नवी केरसुणी आली की तिला हळदकुंकू. आणि दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, ही तर सक्त ताकीद. शेजारपाजारी सांगायचे की लक्ष्मी बाहेर जाते. आमची आजी सांगायची, "अंधारात जीव दिसत नाही गं, कशावर केरसुणी फिरवशील?" कारणं दोन होती, नियम एकच.

अशा जमिनीला यंत्राची गरजच नव्हती. दगडाची फरशी आणि सारवलेली जमीन केरसुणीने झाडता येते, पाण्याने पुसता येते, पुन्हा सारवता येते. व्हॅक्यूम क्लीनरचा जन्म जिथे झाला तिथली अडचण वेगळी होती: गालिचा. इंग्लंड-अमेरिकेतल्या थंड घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत जाड गालिचे असत. त्यांच्या लोकरीत कोळशाची काजळी आणि बुटांची माती जाऊन बसायची. झाडू मारला की धूळ उडायची आणि परत तिथेच बसायची. धूळ दबावी म्हणून तिथल्या बायका वापरलेली ओलसर चहापत्ती गालिच्यावर पसरून मग झाडत. वर्षातून एकदा वसंतात सगळे गालिचे उचलून अंगणात दोरीवर टाकायचे आणि काठीने बडवायचे. हे काम जड असे, म्हणून त्यात घरातले पुरुष, मुलं, नोकर सगळे लागत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

या त्रासातून सुटायचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत सुरू झाले. १८६९ साली शिकागोच्या आइव्हस मॅक्‌गॅफी याने हाताने चाक फिरवून हवा ओढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. एका हाताने चाक फिरवायचं आणि दुसऱ्या हाताने यंत्र ढकलायचं. जिने कधी एका हाताने मूल धरून दुसऱ्या हाताने भाकरी थापली असेल, तिला यातली गंमत कळेल.

जास्त चाललं ते दुसरं साधन. मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावात मेलव्हिल आणि ॲना बिसेल हे जोडपं चिनी मातीच्या भांड्यांचं दुकान चालवत होतं. भांडी भुशात बांधून येत, आणि तो भुसा गालिच्यात अडकून बसे. मेलव्हिलने चाकांवर फिरणाऱ्या ब्रशची पेटी बनवली आणि १८७६ साली तिचं पेटंट घेतलं. या पेटीला वीज लागत नव्हती. ढकलली की ब्रश फिरायचा आणि कचरा आत पडायचा. सुरुवातीला ब्रशचे झुपके आसपासच्या बायका घरी बसून बांधायच्या आणि ॲना ते टोपल्यांतून गोळा करून आणायची. झुपके डुकराच्या केसांचे असत. हे वाचून माझा हात क्षणभर थांबला. आजही ब्रश घेताना वेष्टनावर ‘ब्रिसल’ एवढंच लिहिलेलं असतं, तेव्हा ते नायलॉनचं आहे की जनावराच्या केसांचं, हे दुकानदाराला विचारून घ्या. १८८९ साली मेलव्हिल वारला आणि ॲनाने कंपनी हातात घेतली. देशभरातल्या अमेरिकन बायकांना मताचा हक्क १९२० साली मिळाला. त्याच्या तीस वर्षं आधी ही बाई कारखाना चालवत होती.

१८७६ म्हटल्यावर मला आणखी एक आठवण झाली. याच वर्षी आपल्या अमरावती जिल्ह्यात शेंडगावला गाडगेबाबांचा जन्म झाला. तिकडे केर पेटीत बंद करायची सोय होत होती, आणि इकडे असा माणूस जन्माला आला की ज्याने पुढे खराटा हातात घेऊन गावंच्या गावं झाडली. दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही. पण झाडू कोणाच्या हातात असावा, हा प्रश्न बाबांनी यंत्राशिवायच सोडवला होता. बाबा स्वतःच झाडायला लागले की गावालाही हात लावावासा वाटे.

आता खऱ्या व्हॅक्यूम क्लीनरकडे येऊ. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज इंजिनियर. व्हिएन्नातला १८९७ सालचा प्रसिद्ध मोठा पाळणा उभारण्यातही त्याचा हात होता. १९०१ साली लंडनच्या एका नाट्यगृहात त्याने एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. ते यंत्र जोरात हवा फुंकून धूळ उडवायचं आणि ती पेटीत पडेल अशी आशा करायचं. बूथने विचारलं, "फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही?" उत्तर आलं की ते शक्य नाही. मग त्याने एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावून जोरात श्वास ओढला, आणि खोकून बेजार झाला. पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग पडला होता. गाळणीतून हवा ओढली की धूळ मागे राहते, हे त्याला कळलं. आपण पाणी गाळतो, त्याने हवा गाळली, एवढाच फरक.

त्याने बनवलेलं यंत्र मात्र घरात मावणारं नव्हतं. घोडागाडीवर इंजिन आणि पंप. गाडी रस्त्यात उभी राहायची आणि लांबच लांब नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. गणवेशातले कामगार नळ्या फिरवायचे. आवाज इतका की रस्त्यावरचे दुसरे घोडे बिथरायचे. लोकांना धूळ दिसावी म्हणून काही नळ्या पारदर्शक ठेवल्या होत्या, असं सांगतात. धनिक बायका मैत्रिणींना चहाला बोलवून आपला गालिचा साफ होताना दाखवायच्या. १९०२ साली सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचेही याच यंत्राने साफ झाले. त्या वेळी यंत्राची जागा रस्त्यावर होती आणि ते चालवणारे पगारी पुरुष होते. मालकिणीचं काम फक्त बघायचं.

हे यंत्र घरात आणलं ते एका झाडूवाल्याने. माझ्या सगळ्या वाचनात मला सर्वांत जवळचा वाटलेला माणूस हाच. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कँटन गावी जेम्स मरे स्पँग्लर एका मोठ्या दुकानात साफसफाईचं काम करायचा. वय साठीच्या घरात आणि दम्याचा विकार. झाडताना उडणाऱ्या धुळीने त्याचा श्वास कोंडायचा. काम सोडणं परवडणारं नव्हतं. मग १९०७ साली त्याने विजेच्या पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा एवढ्यावर एक यंत्र जोडलं. मोटर धूळ ओढायची आणि अभ्र्यात साठवायची. जून १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं.

बघा मैत्रिणींनो, रोज झाडणाऱ्या माणसाने स्वतःच्या छातीसाठी आणि स्वतःच्या हाताच्या मापाने ते बनवलं होतं. पण धंदा उभा करायला त्याच्याकडे पैसा नव्हता. त्याने ते यंत्र ओळखीतल्या सुसान हूवर यांना दाखवलं. त्यांनी घरी वापरून पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं. नवरा विल्यम हूवर घोड्यांचे पट्टे-खोगीर अशा चामड्याच्या वस्तू बनवायचा. मोटारी आल्यावर घोडे कमी होणार, हे त्याला दिसत होतं. त्याने पेटंट विकत घेतलं. १९०८ च्या डिसेंबरात त्याने एका लोकप्रिय साप्ताहिकात जाहिरात दिली: दहा दिवस घरी फुकट वापरून बघा. चामड्याचा धंदा मागे पडला आणि हूवर हे नाव इंग्लंडात इतकं रुजलं की तिथे आजही केर काढण्याला ‘हूवर करणं’ म्हणतात. शोध स्पँग्लरचा, नाव हूवरचं. आणि जाहिराती काढल्या त्या गृहिणींसाठी.

पुढे १९२१ साली स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्स कंपनीने जमिनीवर आडवं घसरत मागे येणारं नळकांडं आणलं. आपल्या पिढीला व्हॅक्यूम क्लीनर म्हणजे जे आठवतं, ते साधारण याच घराण्यातलं. आपल्याकडे १९८२ साली युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि टाय लावलेले विक्रेते दारोदार येऊ लागले. तुमच्यापैकी कितीजणींना आठवतं? गादीवर नळी फिरवायचे आणि मग पांढऱ्या कपड्यावर धूळ दाखवायचे. घरातल्या बाईचा चेहरा पडायचा: माझी गादी एवढी घाण?

आमच्याकडेही असं एक यंत्र आलं. दिवाळीच्या सफाईला ते माळ्यावरून उतरायचं. खोकं उघडा, नळ्या जोडा, वायर सोडा, वायर पुरत नाही म्हणून दुसरा बोर्ड शोधा, मग अर्धा तास धडधड, मग सगळं परत खोक्यात. वर्षाचे उरलेले तीनशे साठ दिवस केरसुणीच. यंत्रात खोट काही नव्हती, त्याची जागा चुकीची होती. माळ्यावरची वस्तू रोजची होत नाही.

ही अडचण सुटली ती बॅटरीने. १९६१ साली अमेरिकेतल्या ब्लॅक अँड डेकर कंपनीने बॅटरीवर चालणारं ड्रिल बाजारात आणलं. पुढे चंद्रावरच्या मोहिमांसाठी नासाला असं ड्रिल हवं होतं की जे कमी विजेत जास्त काम करेल, कारण चंद्रावर प्लग लावायला भिंत नाही. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी ते चंद्रावर वापरलं. त्या कामात मोटर आणि बॅटरीचं जे शिकायला मिळालं, ते घरगुती साधनांना उपयोगी पडलं. १९७९ साली याच कंपनीने ‘डस्टबस्टर’ नावाचा हातात मावणारा छोटा व्हॅक्यूम आणला. तो भिंतीवर लटकवायचा आणि तिथेच त्याचं चार्जिंग व्हायचं. माझ्या मते आपल्या डॉकचा खरा आजोबा हाच. केर काढायचं साधन माळ्यावरून, कोपऱ्यातून निघून हाताच्या उंचीवर आलं.

त्यातली निकेल-कॅडमियमची बॅटरी जड होती आणि लवकर संपायची. १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. आज आपल्या फोनमध्ये असते तीच. या बॅटरीचा पाया घालणाऱ्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही हलकी बॅटरी आली म्हणून उभ्या दांड्याचे बिनवायरचे क्लीनर शक्य झाले. २०१८ साली तर डायसन कंपनीने सांगून टाकलं की यापुढे वायरवाल्या क्लीनरवर नवं काम करणार नाही.

म्हणजे रस्ता, मग घर, मग माळा, मग भिंत. दर वेळी यंत्र बाईच्या आणखी जवळ आलं. पण त्यामुळे काम कमी झालं का?

१९८३ साली रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंचं एक पुस्तक आलं. त्याच्या नावाचाच अर्थ ‘आईला आणखी काम’ असा आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. घरातल्या यंत्रांनी कष्ट हलके केले, हे खरं. पण यंत्र आल्यावर आधी जे हातभार लावत होते ते बाजूला झाले. गालिचा बडवायला नवरा, मुलं, गडी लागत. व्हॅक्यूम आल्यावर ते एकट्या आईचं काम झालं. शिवाय जे वर्षातून एकदा व्हायचं, ते आठवड्याला व्हायला हवं असं सगळ्यांना वाटू लागलं. श्रम कमी झाले आणि काम मात्र वाढलं.

हे वाचलं तेव्हा मी वॉशिंग मशीनवरच टेकून बसले होते, समोर डॉक होता. मनात म्हटलं, आता माझ्या घराचा इतिहास सांगायलाच हवा.

आमच्याकडे केर काढायला मावशी येतात. पंधरा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना धुळीचा खोकला लागला. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. केर काढणाऱ्या बाईने धूळ कशी टाळायची? तोंडाला फडकं बांधून त्या काम करायच्या आणि मध्येच गॅलरीत जाऊन खोकत बसायच्या. म्हणून आम्ही हा क्लीनर घेतला. मावशी आधी नाहीच म्हणाल्या. "ताई, माझा हात झाडूवर बसलाय, हे मोडलं तर?" मी म्हटलं, "मोडलं तर मोडलं. तुमची छाती मोडायला नको." तेव्हा मला स्पँग्लरचं नावही ठाऊक नव्हतं.

डॉक कपड्यांच्या कपाटात बसवायचं ठरलं, कारण तिथे सॉकेट होतं आणि दार लावलं की दिसत नाही. यांनी रविवारी ड्रिल काढलं. मशीनचा नळ आणि सॉकेट यांच्या सरळ रेषेत वर-खाली भोक पाडायचं नाही, कारण पाण्याचा पाइप आणि वायर भिंतीतून तशाच सरळ जातात, एवढं आमच्या इलेक्ट्रिशियनने फोनवर बजावलं होतं. आमची भिंत हलक्या ब्लॉकची आहे, म्हणून लांब प्लग आणि लांब स्क्रू घेतले. क्लीनरचं वजन अडीच-तीन किलो, आणि रोज दोनदा त्याला हिसका बसणार. भोकं पडली, डॉक बसला, लाइट लागला. यांनी क्लीनर अडकवून दाखवला, मुलाने फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्यांनी कपाट उघडलं, वर पाहिलं, हात वर केला आणि थांबल्या. मावशींची उंची पाच फुटांनाही थोडी कमीच. खालच्या फळीवर मळक्या कपड्यांची टोपली ठेवायची म्हणून आम्ही डॉक साडेपाच फुटांवर लावला होता. त्यांना तीन किलोचं यंत्र डोक्यावरून उतरवावं लागणार होतं. त्या काही बोलल्या नाहीत. कोपऱ्यातला झाडू घेतला आणि पदर नाकाला लावला.

मला फार वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी वस्तू आणली, त्यांचं मापच आम्ही घेतलं नव्हतं. माप घेतलं होतं यांच्या खांद्याचं आणि टोपलीचं.

त्या संध्याकाळी मी खालची फळी काढायला लावली. टोपली मशीनच्या दुसऱ्या बाजूला गेली. दुसऱ्या दिवशी मावशींनाच कपाटासमोर उभं केलं, हात नेहमीसारखा पुढे करायला सांगितला आणि तिथे पेन्सिलने खूण केली. साडेतीन फूट. नळीचं तोंड आता जमिनीपासून चार बोटं वर राहतं. यांनी नव्याने भोकं पाडली. ड्रिलखाली केर पडला तो मावशींनीच लगेच यंत्राने ओढून घेतला आणि हसल्या.

तुम्ही बसवणार असाल तर आणखी दोन गोष्टी. बॅटरीला उष्णता आणि ओल दोन्ही चालत नाहीत. कपाटात कपडे वाळवायचं ड्रायर असेल, वर गिझर असेल, तर तिथे डॉक नको. आमच्या दाराला जाळी आहे, म्हणून हवा खेळते. दार बंद असेल तर चार्जिंग होताना उघडं ठेवा. आणि गाळणी धुतली की पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. आम्ही एक दिवस उन्हात ठेवतो.

आता शेवटची गोष्ट, आणि ती आपल्या सगळ्याजणींच्या मनात येणारी आहे. पहिल्याच आठवड्यात मी स्वतः ओट्याखाली यंत्र फिरवलं आणि कपाटात अडकवलं. थोड्या वेळाने सासूबाईंनी हाक मारली. "अगं, या डब्यात काय हलतंय बघ." पारदर्शक डब्यात मुंग्या होत्या. गुळाच्या खड्याला लागलेली रांग मी न बघता ओढून घेतली होती. आईंनी मला एक शब्द रागाचा बोलला नाही. आम्ही दोघींनी डबा खाली बागेत नेला आणि झाडाखाली हलकेच उघडला. काही चालत गेल्या, काही नाही गेल्या. मी त्या दिवशी गोड सोडलं. पण गोड सोडून झालेली गोष्ट परत फिरत नाही.

बूथने नळ्या पारदर्शक ठेवल्या त्या धूळ दाखवायला. माझ्या डब्याने मला माझी घाई दाखवली. केरसुणी हातात असते तेव्हा नजर जमिनीवर असते, हात हळू चालतो, मुंगी बाजूला होते. यंत्र ओढतं ते एका क्षणात. मुनिमहाराजांची मोरपिसांची पिच्छी आठवा. धूळ धरत नाही, घाम धरत नाही, मऊ, सुकुमार आणि हलकी, असे तिचे पाच गुण आपण ऐकत आलो. पिसंही मोराने आपणहून टाकलेली. श्वेतांबर मैत्रिणींना लोकरीचा ओघा आठवेल. ही साधनं घर चकचकीत करायला नाहीत, बसण्याआधी, ठेवण्याआधी, उचलण्याआधी तिथला जीव बाजूला करायला आहेत. पाच समितींमध्ये एक आदाननिक्षेपण समिती आहे, वस्तू घेताना आणि ठेवताना जपण्याची. ती मुनींची, आपण श्रावकांच्या घरी तिचा कणभर तरी घेतो. डॉक म्हणजे दुसरं काय? वस्तू घ्यायची आणि ठेवायची जागा.

आता आमच्या कपाटात डॉकशेजारी एक मऊ नायलॉनचा कुंचला टांगलेला आहे. रीत अशी ठरली: आधी उजेडात बघायचं, कोपरे आणि ओट्याखालची जागा कुंचल्याने हलकेच मोकळी करायची, मगच यंत्राचं बटण. यंत्राच्या तोंडाशी दिवा आहे, तरी दिवेलागणीनंतर आम्ही ते चालवत नाही. आजीचा नियम तसाच ठेवला आहे. आणि एक फायदा खरोखर झाला. यंत्र हाताशी असल्यामुळे जेवण झाल्या झाल्या, दिवस असतानाच, सांडलेलं उचललं जातं. गूळ, साखर, भाताची शितं जमिनीवर राहिलीच नाहीत तर मुंग्यांची रांग लागत नाही. जीव घरात येऊन अडकण्यापेक्षा आलाच नाही, हे केव्हाही बरं.

आणि कोवनबाईंचं? त्यावरही उपाय चालू आहे. साडेतीन फुटांवरचा डॉक मावशींच्या हाताला येतो, तसाच सासूबाईंच्या आणि माझ्या बारा वर्षांच्या मुलाच्याही हाताला येतो. ज्याने सांडलं त्याने कपाट उघडायचं, हा नियम. यांना वाकावं लागतं. परवा म्हणाले, "माझ्या कमरेचं काय?" आई हसून म्हणाल्या, "साठ वर्षं मी केरसुणीला वाकले रे. तूही वाक जरा."

मावशींचा खोकला पुष्कळ कमी आहे. वरची दोन भोकं तशीच आहेत. पुढच्या वेळी घरात काही बसवायचं असेल तेव्हा ती मला विचारतील, हे वापरणार कोण?